तांदळाची मूठ

ऐजॉलला पोस्टिंग झालंय म्हटलं की साताऱ्याकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "तिकडं खायला काय मिळतं?" उत्तर सोपं आहे. सकाळी भात, संध्याकाळी भात. पण या भातातून एक मूठ रोज कुठं जाते, हे कळायला मला चार महिने लागले.

हे शहर डोंगराच्या धारेवर वसलंय. घराचा एक मजला रस्त्याला टेकलेला आणि बाकीचे तीन खाली दरीत उतरलेले. शहराचे भाग म्हणजे 'वेंग', आपल्याकडच्या आळीसारखे. वेंग तिथं चर्च. रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि दरीच्या दोन्ही अंगांनी गाण्याचे आवाज. २०११ च्या जनगणनेत मिझोराममधले ८७ टक्के लोक ख्रिस्ती होते, त्यामुळं इथं चर्च म्हणजे नुसतं प्रार्थनेचं ठिकाण नाही. गावकीची निम्मी कामं तिथून हलतात.

आमच्या चौकीच्या खालच्या अंगाला एक म्हातारी एकटी राहते. वय ऐंशीच्या पुढं. मिझो लोक वडीलधाऱ्या बाईला आदरानं 'पी' म्हणतात, म्हणून आम्हीही तिला पी म्हणायला लागलो. आठवड्यातून एकदा तीन-चार बायका पिशव्या घेऊन वेंगमधून फिरायच्या आणि पीच्या दारातही थांबायच्या. मला वाटलं, तिला शिधा द्यायला येत असतील. आमच्यातल्या एका मिझो जवानाला विचारलं तर तो हसला. म्हणाला, "देत नाहीत साहेब, नेतात."

याला 'बुहफाइ थाम' म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. घरची बाई भात शिजत घालताना दर वेळी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते. चर्चच्या महिला मंडळाच्या बायका तो गोळा करतात, विकतात आणि पैसा चर्चकडं जमा होतो. १९१० पासून हे चालू आहे. तेव्हा रोख पैसा कुणाच्याच घरात फारसा नव्हता, तांदूळ मात्र होता. आज या मुठींवर चर्चचं मिशनचं मोठं काम उभं आहे.

मग पीसारख्या बाईकडून तांदूळ कशाला न्यायचे? हा प्रश्न मी त्या जवानाला विचारलाच. तो म्हणाला, "न्यायचं बंद केलं तर तिला वाईट वाटेल. ती जेवते ना? मग देणारच." मी गप्प बसलो. मदत घेणाऱ्यालाही देण्याचा हक्क असतो, हा विचार मी कधी केलाच नव्हता.

त्या बायका दारात आल्या की लगेच निघत नाहीत. पीचा गुडघा कसा आहे, औषध संपलं का, पाणी भरलं का, सगळं बघतात. गेल्या पावसाळ्यात तिच्या घरामागची दरड सुटली. इकडं पावसाळ्यात हे नेहमीचंच. दुसऱ्या दिवशी पहाटे वेंगमधली पंधरा-वीस पोरं फावडी, बांबू, पत्रे घेऊन हजर. अशा सामूहिक श्रमाला 'ह्नातलांग' म्हणतात. आमचे सहा जण मदतीला गेले, तोवर माती निम्मी उपसून झाली होती.

ही पोरं बहुतेक यंग मिझो असोसिएशनची. १९३५ मध्ये वेल्श मिशनरी आणि मिझो पुढाऱ्यांनी तिची सुरुवात केली. ती चर्चची शाखा नाही, पण माणसं तीच. वेंगमध्ये कुणी वारलं की लाउडस्पीकरवरून सांगतात आणि कबर खणायला पोरं जमतात. घरच्यांना एकटं वाटू नये म्हणून रात्री त्यांच्या घरी बसून गाणी म्हणतात. २०२१ नंतर म्यानमारमधून हजारो कुटुंबं जीव वाचवून सीमा ओलांडून आली, तेव्हाही चर्च आणि ही पोरं निवारे बांधायला आणि धान्य जमवायला पुढं होती.

सगळंच गोड आहे असं नाही. सीमेपलीकडून हेरॉइन येतं आणि त्यात इथली कितीतरी पोरं वाया गेलीत. एचआयव्हीचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त याच राज्यात. चर्च व्यसनमुक्तीची केंद्रं चालवतं, पण परत आलेल्या पोराकडं बघणाऱ्या सगळ्याच नजरा काही मऊ नसतात. जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथं चूकही सगळ्यांना ठाऊक असते. पीच्या घराची दरड काढायला आलेल्यांत असा एक पोरगा होता. तो दिवसभर कुणाशी बोलला नाही. संध्याकाळी पीनं पहिला चहा त्याच्या हातात दिला. बाकीच्यांनी बघितलं, आणि पुढच्या आठवड्यात पत्रे ठोकायला त्यालाही बोलावणं गेलं.

आमच्या वर्दीबद्दलही बोललं पाहिजे. ५ मार्च १९६६ ला याच शहरावर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले होते. १९८६ च्या करारानं शांतता आली, पण पीच्या वयाच्या माणसांनी ते दिवस डोळ्यांनी पाहिलेत. तिनं त्यावर कधी शब्द काढला नाही, मीही विचारलं नाही. चहा मात्र आम्हालाही मिळाला, त्याच कपांतून.

त्या रात्री मी आईला फोन केला. ती गावी एकटीच असते. मुठीची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "अरं, हे काय नवं न्हाई. कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगच्या पोरांसाठी आपल्याकडं बी घरोघरचं मूठ-मूठ धान्य जायचं. मुष्टिफंड म्हणायचे. माझी आजी सांगायची."

"मग बंद का पडलं?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मी मनातल्या मनात आमच्या आळीतली दारं मोजत होतो. आईचं दार सकाळी आठपर्यंत उघडलं नाही, तर कोणाच्या लक्षात येईल? शेजारचं घर मुंबईला गेलंय, पलीकडचं पुण्याला.

मग आई म्हणाली, "मूठ काढायला मी आजबी तयार हाय रं. न्यायला कोण येतंय का, तेवढं बघ."

रजा पुढच्या महिन्यात आहे. गावात भजनी मंडळ आहे, बचत गट आहे, कट्ट्यावर बसणारी पोरंही आहेत. पिशवी घेऊन आठवड्यातून एकदा दार वाजवणारं कुणी मिळतंय का, ते बघायचं आहे. धान्य किती जमेल हा प्रश्न नंतरचा.