वडिलांची अ‍ॅम्बॅसडर

उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली अ‍ॅम्बॅसडर बनणे थांबले. तरी वडिलांची गाडी मोडीत काढणे अनेकांच्या जिवावर येते. तिला नळाचे पाणी पाजणारेही बहुधा तेच! क्षार साचून रेडिएटर चोंदतो आणि कसाऱ्याच्या घाटात गाडी उकळते.

कूलंट घेताना रंगावर भाळू नये. हिरवा की लाल, ही ज्या त्या कंपनीची मर्जी. जुन्या अ‍ॅम्बॅसडरचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, कथिल-शिशाचा डाग दिलेला. डब्यावर या धातूंना चालेल असे लिहिले असेल तोच घ्यावा. आतला जुना काढून, धुऊन, मग निम्म्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरावा.

काढलेल्या कूलंटची बादली मात्र अंगणात क्षणभरही ठेवू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषच. आणि घरात रांगते मूल असते, दारात मांजर.