गाठ आणि गुठळी

शब्दांचे अर्थ समजावून सांगण्यात माझी तीस वर्षे गेली. मराठी घेऊन एम.ए. झालो, मुलांकडून समानार्थी शब्द घोकून घेतले आणि आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून सरकारी परिपत्रकांचे अर्थ लावतो. अशा माणसाच्या हातून एका साध्या शब्दाची चूक झाली आणि त्या चुकीपायी माझ्या थोरल्या बहिणीने एक रात्र मरणाची वाट पाहत काढली. ती हकीकत सांगायची आहे.

ताई बुऱ्हाणपूरची. २०२४ च्या पावसाळ्यात अंगणात पाय घसरून तिचा डावा घोटा मोडला. प्लास्टर निघाले आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, ती बसने इंदूरला आमच्याकडे आली. पाच तास एका जागी बसून. दोन दिवसांनी तिची पोटरी सुजून टणक झाली. प्लास्टरमुळे असेल म्हणून तिने आदला दिवस तसाच काढला होता. संध्याकाळी पाय जमिनीवर टेकवेना, तेव्हा तिला घेऊन एका इस्पितळात गेलो.

कॅज्युअल्टीत मुंगी शिरायला जागा नव्हती. तरुण डॉक्टरांनी ताईचा पाय पाहिला, डॉप्लर सोनोग्राफी करवून घेतली आणि तासाभरात मला पडद्याबाहेर बोलावले. म्हणाले, "पैर की नस में क्लॉट है. डीवीटी. खून पतला करने का इंजेक्शन दे रहे हैं. ऊपर चला गया तो दिक्कत होगी." आणि पुढच्या स्ट्रेचरकडे वळले. निदान अचूक होते, इंजेक्शन वेळेवर मिळाले. त्यांच्या कामात मला कसलाच दोष काढायचा नाही. फक्त ज्या बाईचा पाय होता, तिला कुणी काही सांगितले नव्हते.

ते काम माझ्याकडे आले. 'क्लॉट'ला आपला शब्द गुठळी. पण पिठल्यात होते ती गुठळी. इस्पितळात तो शब्द मला फार घरगुती वाटला. म्हणून मी म्हणालो, "काही नाही ताई, शिरेत जराशी गाठ धरलीय. औषधाने जाईल."

ताईने फक्त मान हलवली.

आमची आई पोटातल्या गाठीने गेली. तेव्हापासून आमच्या घरात गाठ या शब्दाला एकच अर्थ उरला आहे. ताईने तिची शुश्रूषा केली होती, मी तेव्हा कॉलेजात होतो. शिवाय पडद्याआडून डॉक्टरांचे "ऊपर चला गया तो" तेवढे तिच्या कानी पडले होते. वर जाणे म्हणजे काय, हे हिंदीत आणि मराठीत वेगळे सांगावे लागत नाही!

रात्री सौ. तिच्याजवळ थांबली. ताईने हातातल्या पाटल्या काढल्या, रुमालात बांधल्या आणि तिच्या हाती दिल्या. "नातीच्या लग्नात घाल," एवढेच म्हणाली. मग म्हणाली, "पाय फार ठणकतोय, जरा तेल चोळ." सौ. चोळायला बसणार, तेवढ्यात सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. अशा पायाला चोळायचे नसते, चोळल्याने गुठळी सुटण्याचा धोका असतो. हेही आम्हांला कुणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

सकाळी राउंडला वयस्क डॉक्टरबाई आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. स्टूल ओढून ताईसमोर बसल्या आणि पहिला प्रश्न केला, "आपको क्या लगता है, क्या हुआ है?"

ताई म्हणाली, "गाँठ है. कैंसर की."

माझ्या पायांखालची जमीन सरकली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "गाँठ नहीं है. कैंसर नहीं है. दूध हिलता रहे तो दही जमता नहीं, रख दो तो जम जाता है. आपका पैर पड़ा रहा, नस में खून जम गया." मग त्यांनी 'ऊपर'चा अर्थ बोटाने पोटरीपासून छातीपर्यंत रेघ ओढून दाखवला. ती गुठळी सुटली तर हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. म्हणून एकाएकी दम लागला, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले, तर क्षणभरही थांबायचे नाही. धोका खरा आहे हे त्यांनी लपवले नाही, आणि औषधाने तो पुष्कळ कमी होतो हेही सांगितले.

ताईने विचारले, "खून पतला हुआ तो कमजोरी आएगी?" घरी गेल्यावर बीट आणि डाळिंब खायचे तिने मनात ठरवलेसुद्धा होते. बाई हसल्या. रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही, त्याची गोठण्याची शक्ती तेवढी कमी होते. औषध गुठळी वाढू देत नाही आणि तिला विरघळवण्याचे काम शरीर स्वतः हळूहळू करते. म्हणून गोळ्या निदान तीन महिने, एकही न चुकवता. नाकातून रक्त थांबेना, शौचाला काळे झाले, डोक्याला मार लागला, तर लगेच यायचे. दुखण्यावरची गोळी मनाने घ्यायची नाही.

एवढे झाल्यावर म्हणाल्या, "अब आप मुझे बताइए, घर जाकर बहू को क्या समझाएँगी?" ताईने सगळे सांगितले. एक गोष्ट राहिली, ती बाईंनी पुन्हा सांगितली. सारे मिळून दहा मिनिटेही लागली नसतील. बाई गेल्यावर ताईने पाटल्या परत मागितल्या आणि मला म्हणाली, "बाळ, जन्म बुऱ्हाणपुरात गेला माझा. हिंदी कळतं मला. तू कशाला मध्ये पडलास?"

उत्तर नव्हते. मी भाषांतर करत नव्हतोच. तिला धक्का बसू नये म्हणून सत्याला पाणी घालत होतो, आणि त्या पाण्यात ती बुडत होती.

पुढे वाचनात आले, की पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकते हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखो यांनी दाखवून दिले. त्यांचा जन्मदिवस १३ ऑक्टोबर, आणि २०१४ पासून तो जगभर या विकाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. नेमक्या त्याच दिवशी ताई पाच तास बसमध्ये बसून होती! मधूनमधून उठावे, पाय हलवावेत, एवढे तरी आम्हांला ठाऊक असायला हवे होते.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखात सगळे खापर भाषेवर फोडायची सवय असते. मध्य प्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके निघाली, चांगलेच झाले. पण 'ऊपर' हिंदी शब्द होता आणि 'गाठ' मराठी. दोन्ही शब्द ताईला येत होते, म्हणूनच तर ते लागले. अडचण भाषेची नव्हती. सांगायचे कुणाला, आणि तिला काय समजले हे विचारायचे कुणी, एवढाच प्रश्न होता.

संक्रांतीनंतर तपासणी झाली आणि डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून गोळ्या बंद झाल्या. ताई ठीक आहे. बुऱ्हाणपुरात कुणाचा पाय सुजला, की ती तेल चोळू देत नाही, डॉक्टरकडे पाठवते.

मी अजून आठवड्याला दोन तास घेतो. धडा संपला की "समजलं का?" असे विचारायची माझी जुनी सवय होती, आणि साठ मुले एका सुरात "हो सर" म्हणत. आता तसे विचारत नाही. एखाद्याला उभे करतो आणि म्हणतो, "आता तू मला सांग."