भात्यापाशी भरणारी शाळा

मराठी वर्तमानपत्रांत रोज कोणता ना कोणता प्रश्न ‘ऐरणीवर’ येतो. प्रत्यक्ष ऐरण पाहिलेले वाचक मात्र विरळ होत चालले आहेत. इतिहासप्रेमींच्या गप्पांत तलवारीच्या पात्यावर तासन्‌तास खल होतो; खुरप्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आजचा धागा खुरप्याचा, आणि ते घडवायला माणूस शिकत कसा असे, याचा.

कागदपत्रांत गावचा लोहार भेटतो तो हक्कदार म्हणून. बारा बलुतेदारांच्या याद्या गावागणिक थोड्या बदलतात. पण सुतार आणि लोहार बहुधा थोरल्या ओळीत असतात, कारण त्यांच्यावाचून नांगर चालत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुत्याची व्यवस्था तपशिलाने मांडलेली आहे. सुगीला कोणाच्या खळ्यावर कोणी काय न्यावे, हे लिहून ठेवण्यासारखे होते. लोहाराच्या पोराला तापल्या लोखंडाचा रंग कोणी ओळखायला शिकवला, हे लिहून ठेवण्याचे दप्तराला कारणच नव्हते.

तो रंग हीच विद्या. भट्टी सावलीत असते, ती केवळ उन्हापासून बचाव म्हणून नव्हे. लख्ख उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग फिका दिसतो आणि अंदाज चुकतो. पोर प्रथम बसते भात्यापाशी. वारा किती घालायचा, कोळसा कोठे ओढायचा, एवढेच त्याचे काम. पण भाता ओढणाऱ्याची नजर दिवसभर विस्तवावरच असते. गडद तांबडा, केशरी, पिवळा अशा पायऱ्या त्याला न सांगता पाठ होतात. लोखंड पिवळेधमक होऊन ठिणग्या उडू लागल्या, की दोन तुकडे घणाखाली एकजीव होतात. आणखी क्षणभर राहिले, तर जळून वाया जातात.

त्यानंतर हाती येतो घण. थोरला कारागीर डाव्या हातातल्या सांडशीने लोखंड धरतो आणि उजव्या हातातली लहान हातोडी जेथे टेकवतो, तेथे घणाचा घाव पडायचा. बोलणे जवळपास नाहीच. सगळ्यांत शेवटी मिळते ते पाणी देण्याचे काम. पोलादी धार सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही. म्हणून ती पुन्हा हलकी तापवायची. घासून उजळलेल्या पात्यावर गवती पिवळा रंग चढतो, मग तांबूस, मग निळा. हव्या त्या रंगाशी थांबवणे हे कसब. क्षणभर उशीर झाला, की विळा बोथट.

येथे एक गोष्ट सहज निसटते. शिकणाऱ्याच्या हाती नवी कुऱ्हाड कोणी देत नसे. गावातून येत ती झिजलेली खुरपी, विळे, नांगराचे फाळ. ते तापवून, ठोकून, टोक किंवा धार पुन्हा काढायची. खेड्यात याला ‘शेवटणे’ म्हणतात. तेच खुरपे पुढच्या हंगामात परत येई आणि आपण दिलेले पाणी टिकले की नाही, ते पोराला कळे. दुरुस्ती हीच शाळा होती. मोबदला नगावर नसून सालभराच्या धान्यात मिळे, म्हणून बिघडलेले पाते दुसऱ्यांदा ठोकण्यास सवड असे.

या शाळेचे गोडवे गाताना हात आखडता घेतलेला बरा. तिचे दार प्रायः जातीबाहेरच्याला बंद असे आणि जातीतल्याला बाहेर पडणे अवघड. शिवाय भाता आणि घण बाईच्या हातीही असे. गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबांत ती आजही उभ्याने घण घालते. कारागीर म्हणून नाव मात्र नवऱ्याचे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमीन नासेल, ही शेतकऱ्यांची भीती पुष्कळांनी वाचलेली असते. लोहाराच्या बाजूने पाहिले तर प्रश्न वेगळा दिसतो. बिडाचा ओतीव भाग घणाखाली वाढत नाही, तडकतो. तो झिजला की नवा आणायचा. शेवटता येत नाही. लाकडी नांगर पुढे कित्येक दशके चालले, त्यामुळे हा बदल सावकाश झाला. पण लोहाराकडे परत येणारे लोखंड कमी होत गेले आणि त्याबरोबर पोराचा सरावही. बाजारच्या तयार विळ्याशी स्पर्धा करणारा कसबी लोहार अनेक गावांत होता. त्याच्याजवळ नव्हते ते चुकून शिकण्यापुरते काम.

आज जेथे भट्टी टिकली आहे, तेथे ती बहुधा कोयत्यावर टिकली आहे. मोटारीच्या जुन्या कमानीचा पाटा कापून कोयता घडतो. ते पोलाद पाणी उत्तम घेते. भात्याच्या जागी विजेचा पंखा आल्याने वारा घालायला पोर लागत नाही. विस्तवासमोर बसण्याची त्याची पहिली जागा तेवढी गेली. ऊसतोडीचा हंगाम जवळ आला, की टोळीतील माणसे बोथट कोयते घेऊन येतात, धार निघेपर्यंत बाजूला उकिडवी बसतात आणि पाते अंगठ्याने चाचपून, आवडले नाही तर, तेथेच परत देतात.