फाटकाआडची शाळा

गरिबाच्या घरालाही दार असते; परंतु ते वाजवून आत जावे, असे पाहुण्याला क्वचितच वाटते. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये मला याचा प्रत्यय वारंवार येतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईतील कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार येथे आला. पुढे मसाला, धान्य आणि १९९६ मध्ये भाजीपाला व फळे यांचेही बाजार आले. या साऱ्याचे ओझे वाहतो तो माथाडी. १९६९ च्या कायद्याने त्याच्या श्रमाला संरक्षण दिले. त्याच्या खासगीपणाला मात्र कोणी दिले नाही. मिळकत किती, व्यसन कोणते, मुलाने शाळा का सोडली, असे प्रश्न घेऊन अभ्यासक येतात. गोणी उतरवून, घाम पुसत तो उत्तरे देतो. ‘तुम्ही हे का विचारता?’ असे त्याने विचारलेले मी कधी ऐकले नाही.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका माथाडीची कन्या मला भेटावयास आली. समाजशास्त्राची विद्यार्थिनी. तिने निवडलेला विषय होता श्रीमंतांच्या शाळा. एका शाळेच्या फाटकावरून पहारेकऱ्याने तिला परत पाठवले. दुसरीकडे चहा मिळाला, गुळगुळीत कागदावरची माहितीपुस्तिका मिळाली, गोड शब्द मिळाले. उत्तर एकही मिळाले नाही. ती म्हणाली, “फादर, माझ्या बाबांना कोणीही काहीही विचारतं. मला मात्र यांना, मुलं कशी निवडता, एवढंही विचारता येत नाही.”

तिची व्यथा एकटीची नाही. मानववंशशास्त्रज्ञ लॉरा नेडर यांनी १९७२ मध्येच आपल्या सहकाऱ्यांना विचारले होते, की तुम्ही सदैव दुर्बळांचाच अभ्यास का करता, सत्ता हाती असणाऱ्यांचा का नाही? प्रश्न सोपा, वाट बिकट. बलवानाला नकार देता येतो. त्याला अभ्यासकाची भाषा अवगत असते. काय दाखवावे आणि काय झाकावे, हे तोच ठरवतो. शिवाय नामवंत शाळेचे नाव लपवले तरी वर्णनावरून ती ओळखू येते. तरीही काहींनी ही वाट चोखाळली. डेहराडूनच्या, १९३५ मध्ये स्थापन झालेल्या दून स्कूलवर संजय श्रीवास्तव यांचा ग्रंथ १९९८ मध्ये आला. अमेरिकेतील सेंट पॉल्स या निवासी शाळेवर शेमस खान यांनी २०११ मध्ये लिहिले. ते स्वतः तेथे शिकले होते आणि पुढे शिक्षक म्हणून परतले होते. आतल्या माणसाला दार उघडते. माथाडीच्या मुलीने आतले कसे व्हावे?

हा केवळ विद्यापीठातला वाद नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बळ घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या जागांवर आलेले मूल वर्गात कोणाशेजारी बसते, सहलीला जाते की घरी राहते, हे फाटकाआड पाहिल्यावाचून कोणाला कळणार?

अल्पसंख्याकांच्या शाळा मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार या कायद्याबाहेर आहेत. येथे प्रश्न आपल्या उंबरठ्याशी येतो. त्या मुलीचा शेवटचा अर्ज आपल्या समाजाच्याच एका इंग्रजी शाळेसाठी आहे आणि तिच्या समितीवर मी आहे. “संस्थेचे नाव खराब होईल,” असे एक ज्येष्ठ सदस्य मला म्हणाले. त्यांची काळजी मी समजू शकतो. मुलांची नावे गुप्त राहिलीच पाहिजेत. परंतु घटनेने दिलेला अधिकार आपण कोणाच्या लेकरांसाठी वापरतो, हे प्रवेशाची नोंदवहीच सांगू शकेल. धर्मग्रामातील मोलकरणीचे मूल त्या यादीत आहे काय?

जक्कय धनवान होता, तरी प्रभू त्याच्या घरी जाऊन उतरला. जक्कयाने दार उघडले आणि मागाहून हिशेबही स्वतःहून मांडला. समितीच्या पुढील बैठकीत हा अर्ज मी मांडणार आहे आणि त्याच्या बाजूने बोलणार आहे. वाचकहो, तुमची मुले ज्या शाळेत आहेत, तिच्या पालकसभेत असा अर्ज आला, तर तुम्ही काय म्हणाल?