माझ्या ट्रंकेतला वेताळ

मैत्रिणींनो, हसणार नसाल तर एक गुपित सांगते. माझ्या दिवाणाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. आल्यागेल्याला वाटतं, तीत जुनी भांडी असतील, नाहीतर लग्नातला शालू. शालू आहे, नाही असं नाही. पण तो वरवरचा! त्याच्याखाली आहेत चित्रकथा. तुमची मुलं-नातवंडं ज्यांना कॉमिक्स म्हणतात ना, त्याच. सत्तरीला टेकलेल्या बाईनं हे असं जपावं का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पूर्वी पडायचा. आता पडत नाही. का ते सांगते.

माझं माहेर मिरजेचं. घरात आम्ही पाच भावंडं, त्यात मी चौथी. १९६४ साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियानं 'इंद्रजाल कॉमिक्स' काढायला सुरुवात केली, तेव्हा मी आठ वर्षांची होते. पुढे तो मराठीतही येऊ लागला आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या लायब्ररीत दिवसाला पाच पैसे भाड्यानं मिळू लागला. भाडं दादाच्या खाऊच्या पैशातून, म्हणून पहिला वाचायचा मान त्याचा. मग धाकट्याचा. माझ्या हाती अंक यायचा तो संध्याकाळी, परत करायच्या अर्धा तास आधी. तेवढ्यात दूध तापवायचं काम माझ्याकडे! एका हातात पळी, एका हातात वेताळ. कवटीच्या गुहेत वेताळ शिरला की इकडे दूध उतू जायचं आणि आईचा आवाज यायचा, "मेले, जाळ तो वेताळ!"

खरं सांगू? गोष्टीपेक्षा मला चित्रांचंच वेड होतं. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मी वेताळाचा घोडा काढत असे. काढता काढता एक गोष्ट ध्यानात आली. सगळ्या अंकांत वेताळ एकसारखा नव्हता. काही गोष्टींत तो साधासुधा, सरळ रेघांचा. काही गोष्टींत मात्र अंगावर सावल्या, दंडावर पीळ, जंगल तर असं दाट की आत हात घालावासा वाटे. दादाला सांगितलं तर म्हणाला, "येडी आहेस. वेताळ तो वेताळ." पण माझं बरोबर होतं, बरं का! गोष्टी लिहिणारे ली फॉक एकच, त्यांनी १९३६ साली वेताळ जन्माला घातला. चित्रं काढणारे मात्र बदलत गेले. साधा वेताळ होता विल्सन मॅकॉय यांचा आणि सावल्यांचा वेताळ साय बॅरी यांचा. बॅरी यांनी १९६१ पासून तब्बल तेहतीस वर्षं तो काढला. ही नावं मला फार उशिरा कळली. हात मात्र आठव्या-नवव्या वर्षीच ओळखू येऊ लागला होता.

चाळीस वर्षं वाट बघायला लावून १९७७ मध्ये ली फॉक यांनी वेताळाचं डायनाशी लग्न लावून दिलं. पुढच्याच वर्षी माझंही झालं! डायनानं लग्नानंतरही संयुक्त राष्ट्रसंघातली नोकरी सोडली नाही. मी मात्र मिरजेहून कराडला आले आणि ओट्यापाशी उभी राहिले. येताना ट्रंकेत साड्यांच्या तळाशी चाळीसेक चित्रकथा दडवून आणल्या होत्या. वेताळ, मँड्रेक आणि 'अमर चित्र कथा'.

या 'अमर चित्र कथे'ची जन्मकथा तुमच्यापैकी कित्येकींना ठाऊक असेल. १९६७ साली अनंत पै यांनी दिल्लीत टेलिव्हिजनवर मुलांच्या सामान्यज्ञानाच्या स्पर्धेचा एक कार्यक्रम पाहिला. ग्रीक देवांबद्दलच्या प्रश्नाला मुलांनी उत्तर दिलं, पण रामाच्या आईचं नाव कुणाला सांगता येईना. त्यातून आपल्या पुराणांवर, इतिहासावर चित्रकथा काढायचं पै यांनी मनावर घेतलं. आईचं नाव कुणाला आठवत नाही, हे काही आपल्याला नवीन नाही म्हणा!

तर, ट्रंक उघडली गेली आणि माझं बिंग फुटलं. आमचे 'हे' पोट धरून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. मी त्यांना आत्या म्हणत असे. आत्या शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. अक्षरओळख नाही, सहीच्या जागी अंगठा. पण दुपारची झाकपाक झाली की त्या सोप्यात बसून माझं एखादं पुस्तक मांडीवर घेत आणि चित्रावरून बोट फिरवत पुटपुटत राहत. पुढे गल्लीतली पोरं भोवती जमू लागली. आत्या चित्रं दाखवत गोष्ट सांगत आणि पोरं 'मग?' 'मग?' करत.

लग्नाला चार वर्षं झाली होती. मे महिना होता. मी कणीक मळत होते आणि बाहेर आत्यांची गोष्ट रंगली होती. एका राजपुत्राला वनात धाडतात, त्याची गोष्ट. आत्या सांगत होत्या, "राणी रडतीया, राजा रडतोया. पर खरं रडू ह्या म्हातारीला. हिनं त्याला न्हाऊमाखू घातलंया, हिनं भरवलंया. हिला कोण इचारणार?" पुस्तक माझं पाठ होतं. त्यात असली म्हातारी कुठंच नव्हती. मी तशीच कणकेच्या हातानं बाहेर आले आणि पोरांसमोर म्हणाले, "आत्या, तिथं असं काही लिहिलेलं नाही. वाचता येत नाही तर मनचं कशाला सांगायचं? पोरं चुकीचं शिकतील."

आत्यांनी पुस्तक मिटलं. "खरं हाय बाई तुझं," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन डाळ निवडायला बसल्या. पोरं पांगली. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

रात्री सगळी निजल्यावर मी ते पुस्तक कंदिलापाशी धरलं. शेवटून तिसरं पान. राजा, राणी, राजपुत्र. तिघांच्या तोंडचे फुगे, त्यातली वाक्यं मला तोंडपाठ. आणि अगदी कोपऱ्यात, समईच्या मागे, एक म्हातारी दासी. अंगठ्याएवढी. पदर डोळ्यांना लावलेला, दुसऱ्या हातात पोराची पादत्राणं. तिच्या तोंडी फुगा नाही. एक अक्षर नाही. दहा वेळा पुस्तक वाचून मला ती दिसलीच नव्हती!

दुसऱ्या दिवशी आत्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. मग एका दुपारी मीच पुस्तक घेऊन त्यांच्यापाशी बसले. म्हटलं, "आत्या, चुकलं माझं. ही म्हातारी मला दिसलीच नव्हती."

त्या जरा वेळानं म्हणाल्या, "तुला अक्षरं येत्यात, म्हणून तू अक्षरं बघतीस. मला येत न्हाईत, म्हणून मी समदं बघते." मग त्या दासीवर बोट ठेवून विचारलं, "हिला काढली कुणी गं?"

मैत्रिणींनो, इतकी वर्षं चित्रांवर जीव टाकणारी मी, मला सांगता आलं नाही. पुस्तकाची पहिली पानं मिरजेलाच फाटून गेली होती. आत्या म्हणाल्या, "म्हंजे माझ्या गोधड्यांवाणीच की. पांघरतात समदी, टाका कुणाचा ते कोण इचारतंय?"

त्या दिवसापासून आमच्या घरी रीतच पडली. पुस्तक उघडायचं ते आधी चित्रकाराचं नाव वाचून. आतल्या पानावर लहान अक्षरांत छापलेलं असे, मी कधी तिकडे पाहिलंच नव्हतं. 'कृष्ण' काढला राम वाईरकरांनी. 'शिवाजी'ची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची, आणि शब्द कुणाचे म्हणाल तर आपल्या 'फास्टर फेणे'वाल्या भा. रा. भागवतांचे! झाशीच्या राणीचं पुस्तक वाचताना तर मी ओरडलेच, "आत्या, ही बाई आहे! हेमा जोशी!" आत्यांनी ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. म्हणाल्या, "तरीच."

आत्या सगळंच मुकाट्यानं घेत असत असं मात्र नाही हं. एकदा म्हणाल्या, "देव समदे गोरे आणि राक्षस तेवढे आपल्यावाणी काळे, असं का गं?" मला उत्तर देता आलं नाही. राण्यांच्या मुठीएवढ्या कमरा पाहून तर त्या खो खो हसत. "हिनं घागर कुठं ठेवायची?" पुढे मोठमोठ्या अभ्यासकांनी या पुस्तकांवर रंगरूपाबद्दल हेच आक्षेप घेतलेले वाचले, तेव्हा मला आमचा सोपा आठवला.

हळूहळू आत्यांना हात ओळखू येऊ लागला. १९८६ नंतर आमचा मुलगा हिंदीतले 'नागराज' आणू लागला. आत्यांनी एक अंक उघडला, घोड्याच्या आयाळीवरून ओळखावं तसं दोन पानं पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यो तर तुझा पुण्याचा माणूस." नाव पाहिलं. प्रताप मुळीकच! 'टिंकल'मधला वेंधळा सुप्पंडी वाईरकरांचा, हेही त्यांनीच आधी ओळखलं. त्यातला डोळ्यांवर टोपी ओढलेला शिकारी शंभू होता वसंत हळब्यांचा. वाईरकरांच्या पश्चात त्यांची लेक अर्चना आंबेरकर सुप्पंडी काढू लागली. हे आत्यांना सांगायला हवं होतं, पण तोवर त्या राहिल्या नव्हत्या.

एक सांगायचं राहिलंच. आत्यांचं नाव आमच्या कराडच्या नदीचं. 'कृष्ण' पुस्तकात ते नाव पानोपानी येतं. एके दिवशी मी दाखवलं, "आत्या, ह्यापुढे एक काना दिला की तुमचं नाव झालं." झालं! पाटीवर गिरवायला लागल्या. दुसरंच अक्षर जोडाक्षराचं, 'ष्ण' काही केल्या जमेना. पाटी पुसायच्या, परत गिरवायच्या. दोन महिने लागले. बँकेत पेन्शनच्या कागदावर कारकुनानं सवयीनं शाईचं पॅड पुढे केलं, तेव्हा आत्यांनी ते हातानं बाजूला सारलं आणि पेन मागितलं. सही थोडी वाकडी आली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "नाव लागलं माझं."

आता तुम्ही म्हणाल, ही पुस्तकं इतकी वर्षं टिकली कशी? माझी पद्धत सांगते, इतर जुन्या पुस्तकांनाही चालेल. ट्रंकेच्या तळाशी धुतलेल्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घाला. पुस्तकं उभी कोंबू नका, आडवी ठेवा, एकावर एक पंधरापेक्षा जास्त नकोत. पूर्ण सुकवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा आणि दर वर्षी बदला. पाला ओलसर असला तर मात्र बुरशी आलीच म्हणून समजा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात पुस्तक घामेजतं, तेव्हा ती टाळा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी अजिबात लावू नका, ती पिवळी पडून चित्र खाते. मैद्याची पातळ खळ आणि पतंगाच्या कागदाची पट्टी उत्तम. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं तर कीड लागत नाही, मात्र ते विषारी असतं, पोरांच्या हाती लागू देऊ नका आणि स्वयंपाकाचं भांडं त्याला वापरू नका. दिवाळीच्या साफसफाईत पुस्तकांना सावलीत वारा द्या, ऊन नको, रंग उडतात.

आणि एक विनंती. रद्दी काढताना मुलांच्या चित्रकथा बेधडक तराजूत टाकू नका. एकदा उघडा. चित्र कुणी काढलं ते नाव मोठ्यानं वाचा. घरात न वाचता येणारं, किंवा आता चष्म्यानंही न दिसणारं कुणी असेल, त्यांच्या मांडीवर ते पुस्तक ठेवा आणि विचारा, "तुम्हाला काय दिसतं?" मध्ये बोलू नका. मी बोलले होते.

ती राजपुत्राची गोष्ट अजून ट्रंकेत सगळ्यात वर आहे, शालूला लागून. पहिली पानं नाहीत, मुखपृष्ठ नाही. तुमच्यापैकी कुणाकडे शाबूत प्रत असेल तर शेवटून तिसरं पान उघडून बघा. समईच्या मागे, हातात लहानशी पादत्राणं घेतलेली एक म्हातारी आहे. ती सापडली तर पहिल्या पानावरचं चित्रकाराचं नाव मला या साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवा. आत्यांनी विचारलेलं आहे, उत्तर द्यायचं राहिलंय.