तापानंतरचे तीन महिने

जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२३ मध्यें करोनाची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. साथ ओसरली, पण तिनें मागें ठेवलेल्या कित्येक शंका अजून कुजबुजीच्याच रूपानें वावरत आहेत. खोकला, गुडघे, पित्त यांचीं वर्णनें आपल्या घरांत पाहुण्यांसमोरही रंगतात. परंतु या रोगानें पुरुषाच्या प्रजननशक्तीस अपाय होतो काय, असा प्रश्न निघाला कीं वडील मंडळी वर्तमानपत्रांत तोंड लपवितात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

शंका निराधार नव्हती. हा विषाणु पेशींत शिरतो तो एसीई-२ नांवाच्या प्रथिनाचें दार उघडून. आणि तें प्रथिन फुप्फुसांप्रमाणें वृषणांतील पेशींवरही आहे. वयांत आल्यावर गालगुंड झालेल्या कित्येक पुरुषांच्या वृषणांस सूज येते, ही गोष्ट तर प्राचीन ग्रीक वैद्यांनींही नोंदली आहे. मे २०२० मध्यें चीनमधील ३८ रुग्णांच्या तपासणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांतील ६ जणांच्या वीर्यांत विषाणूचा अंश सांपडला होता. ही वार्ता जगभर गेली. पुढील बहुतेक तपासण्यांत तो सांपडला नाहीं, ही वार्ता मात्र तितकी दूर पोंचली नाहीं.

अपायाचें एक मोठें कारण साधा तापच असावा. वृषणें शरीराबाहेर आहेत तीं उगीच नव्हेत. शुक्रजंतूंच्या निर्मितीस शरीराहून दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. शिवाय हें काम सावकाशीचें. शुक्रजंतु घडून, पक्व होऊन बाहेर पडेपर्यंत सुमारें तीन महिने लोटतात. त्यामुळें आजच्या तापाचा परिणाम पुढील कांहीं आठवडे दिसत राहतो. करोनानंतर पुष्कळ पुरुषांत शुक्रजंतूंची संख्या व गति घटलेली आढळली. बहुतेकांत ती कांहीं महिन्यांनीं सुधारली. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं अपत्येच्छु अशा दोन हजारांहून अधिक जोडप्यांची माहिती तपासून २०२२ सालीं प्रसिद्ध केली. पुरुषाच्या संसर्गास ६० दिवस झाले नसतील, तर गर्भधारणेचा संभव कांहींसा कमी. पुढें तो फरक उरला नाहीं. लशीनें मात्र पतिपत्नींपैकीं कोणाच्याही बाबतींत तो संभव घटला नाहीं.

आणि तरी लोक भ्याले ते लशीलाच! जानेवारी २०२१ मध्यें, लशींस मंजुरी जाहीर झाली त्याच दिवशीं, ‘लशीनें नपुंसकत्व येतें’ या अफवेचें खंडन देशाच्या औषध नियंत्रकांस करावें लागलें. ज्या समाजांत एखाद्या विषयावर मोकळेपणानें बोलतां येत नाहीं, तेथें त्या विषयाचें ज्ञान अफवेकडूनच मिळावयाचें.

या मौनाची किंमत कोण देतो? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकीं जवळजवळ अर्ध्यांत पुरुषाकडील कारण असतें; कधीं तें एकटें, कधीं स्त्रीकडील कारणाच्या जोडीला. तथापि सोळा सोमवार सुनेनें करावयाचे, सासरचे टोमणे तिनेंच ऐकावयाचे, आणि दवाखान्यांतील क्लेशदायक तपासण्याही प्रथम तिच्याच व्हावयाच्या. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे एका लहानशा कुपीचें काम. पण त्या कुपीशीं त्याची अब्रू बांधलेली! रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतून असल्या विषयांवर निर्भीडपणें लिहिलें व त्यापायीं न्यायालयांत दंडही सोसला. तें मासिक बंद पडून सत्तर वर्षें उलटलीं, पण आपल्या माजघरांतील संकोच तेवढा शाबूत आहे.

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच. मोठ्या तापानंतर लगेच केलेल्या तपासणींत आंकडा कमी आला, तर पुरुषानें हाय खाऊं नये. तीन महिन्यांनीं ती पुन्हां करावी. तरीही तो कमीच राहिला, तर संकोच सोडून तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पत्नीची तपासणी व्हावयाची असेल तर ती त्याच्याबरोबर व्हावी, त्याच्याऐवजीं नव्हे.