गोधडीस, पावसाआधी

गोधडीबाय,

काल पेटी उघडली तेव्हा आधी वास आला, मग तू. गेल्या पावसात ओल लागू नये म्हणून तुला प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधली होती. ओल आधीच तुझ्यात होती, हे माझ्या ध्यानात आले नाही. आपले तेरेखोल म्हणजे गोव्याचे ठिगळच, नदीपलीकडे सिंधुदुर्गाला टाचलेले. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदीचे मुख. इथे बरणीतले मीठ पाझरते, मग वर्षानुवर्षे खारा वारा प्यालेला कापूस कोरडा कसा राहील? पिशवीत तुझाच दमटपणा तुला बाधला आणि कडेला काळे ठिपके उठले. ब्लीच लावले तर जातील, पण सोबत धागाही जाईल. ठिपके राहू देत.

तुझा वरचा थर आजीच्या नऊवारीचा. तो विरला आहे तिथे आतली लाल चौकडी डोकावते. ती कुणबी साडी. लावणीला येणाऱ्या एका बाईने दिली, असे आजी सांगायची. बदल्यात काय दिले, ते तिने कधी सांगितले नाही. याच चौकडीला वस्त्ररचनाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी फॅशनच्या मंचावर नेले, २०१२ मध्ये गोव्याच्या पेहरावावर ‘मोडा गोवा’ हे पुस्तक लिहिले. २०२० मध्ये ते गेले. कोलवाळला त्यांच्या घरात आता गोव्याच्या वस्त्रांचे संग्रहालय आहे. तुला तिथे द्यावी, असे मनात आले होते. मंद उजेड, कोरडी हवा, कुणाचा हात नाही. पण साडी साडी म्हणूनच जपायची असती तर आजीने तिला कातर लावली नसती. जीर्ण कापड आणखी वीस वर्षे चालावे म्हणून तर तू झालीस. तुला काचेत ठेवणे मला पटत नाही, आणि तुला रोज अंथरण्याइतका दम तुझ्यात उरलेला नाही.

मुंबईत असताना तुला मशीनमध्ये टाकली होती, तो अपराध माझाच. लाल रंग फुटला आणि पांढऱ्या अस्तरावर गुलाबी ढग पसरले. आता आधी ओले पांढरे फडके चौकडीवर दाबून बघते; डाग उमटला तर पाणी लावायचेच नाही, नुसती झटकायची. रंग टिकला तर रिठ्याचे कोमट पाणी, टबात, न चोळता, न पिळता. भिजलेली तू उचलवत नाहीस. दोरीवर टाकली तर तुझ्याच वजनाने टाके तुटतील. म्हणून बाजेवर पसरायची, चिऱ्याच्या गडग्यावर नको, तांबडी माती बसते.

उन्हाबद्दल मात्र आजीचे आणि माझे जमत नाही. ती वैशाखात दिवसभर तापवायची. बुरशी आणि ढेकूण पळतात खरे, पण रंगही पळतो. मी तुला सकाळी तासभर उलटी घालते, मग सावलीत. खळ कधी नाही. तिच्या वासाने कसर धावते. डांबरगोळीपेक्षा कडुनिंबाचा वाळला पाला बरा, तोही पुरचुंडीत, तुला चिकटून नाही. वर धुवट धोतराचे वेष्टन. आणि दर खेपेला घडी वेगळी, नाहीतर त्याच रेषेवर धागा मोडतो.

तुझा एक कोपरा गेला आहे. उत्तर कन्नडच्या रानात सिद्दी बाया कवंद्या, म्हणजे गोधड्याच, शिवतात. त्यांचे कितीतरी पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून गुलामी झुगारून तिकडे गेले. त्यांच्या कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी ठिगळे असतात, त्यांना त्या फुले म्हणतात. आजीने हे कुठे पाहिले असेल? तुझ्याही तीन कोपऱ्यांवर तशीच ठिगळे आहेत, चौथे उंदराने नेले.

दुकानात दोरा घ्यायला गेले तर पॉलिस्टरचा पुढे केला, पक्का म्हणून. नको म्हटले. जुन्या कापडाला पक्का दोरा कापत जातो. दोरा कापडापेक्षा कच्चाच हवा, तुटला तर तो तुटावा. शेवटी आजीच्या डब्यात सुती रीळ सापडले, अर्धे संपलेले. माझ्या एका मऊ झालेल्या साडीचा तुकडा काढून ठेवला आहे, निळा. तुला आवडेल की नाही, माहीत नाही. रविवारी चष्मा पुसून बसेन, धावदोरा जरा वाकडा जाईल.

तुझी,
धाकटी नात